ख्रिस्ती जीवनातील नम्रता आणि परहित : केडगाव, मिरज व सातारा येथील अनुभवांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्माच्या आचारविचारांत नम्रता या गुणाला मध्यवर्ती स्थान आहे. स्वतःपेक्षा दुसऱ्याला श्रेष्ठ मानावे, मानाची जागा दुसऱ्याला द्यावी, सेवा करून घेण्यापेक्षा सेवा करावी, ही शिकवण नव्या करारात वारंवार येते. धर्मग्रंथातील एखादा सद्गुण वाचणे आणि तो इतिहासात प्रत्यक्ष कोणी, कोणासमोर व कोणत्या परिस्थितीत आचरला याचा शोध घेणे, या दोन भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत निबंधाचा संबंध दुसऱ्या गोष्टीशी आहे.

हा विषय आपल्या परिसराला परका नाही. विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. १९४९ पर्यंत हा तालुका सातारा जिल्ह्यात मोडत होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे झाले. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी या तालुक्याची सरकारी वाट साताऱ्याकडे जात होती, तर आजाऱ्याला घेऊन जाण्याची वाट पुढे मिरजेकडे वळली. या दोन्ही गावांत मराठी ख्रिस्ती इतिहासाची महत्त्वाची पाने लिहिली गेली. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. साताऱ्यात कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या दोहोंच्या जोडीला पंडिता रमाबाईंचे केडगाव येथील कार्य घेतल्यास नम्रतेच्या संकल्पनेचे तीन वेगळे ऐतिहासिक आविष्कार समोर येतात.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. पहिले, नम्रता या संकल्पनेचा ख्रिस्ती परंपरेतील मूळ अर्थ थोडक्यात स्पष्ट करणे. दुसरे, जातिबद्ध मराठी समाजात या संकल्पनेपुढे कोणता प्रश्न उभा राहिला ते पाहणे. तिसरे, रमाबाई, वॉन्लेस आणि टिळक दांपत्य यांच्या जीवनातील निर्णयांच्या आधारे खरी नम्रता आणि लादलेली नम्रता यांतील भेद तपासणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक ऐतिहासिक पद्धती स्वीकारली आहे. रमाबाईंचा पत्रव्यवहार, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि वॉन्लेस यांचे १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मकथन ही या विषयाची मुख्य साधने होत. धर्मांतराच्या योग्यायोग्यतेची चर्चा हा या निबंधाचा विषय नाही.

संकल्पनेची पार्श्वभूमी

नव्या करारात नम्रतेसाठी जो ग्रीक शब्द येतो, तो ‘टापेइनोस’ या विशेषणापासून बनलेला आहे. अभिजात ग्रीक भाषेत या विशेषणाचा सर्वसाधारण अर्थ खालच्या दर्जाचा, हीन, लाचार असा होता. स्वतंत्र नागरिकाला तो भूषणावह वाटत नसे. ग्रीक आणि रोमन समाजात मान, प्रतिष्ठा आणि कीर्ती ही पुरुषार्थाची लक्षणे होती. खाली वाकणे हे गुलामाचे काम होते. ख्रिस्ती लेखकांनी हाच शब्द उचलला आणि त्याला सद्गुणाचे स्थान दिले. या अर्थपरिवर्तनाचे महत्त्व मोठे आहे.

हे परिवर्तन कशाच्या बळावर झाले? पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याचे उत्तर मिळते. तेथे ख्रिस्ताच्या नम्रतेचे वर्णन येते ते असे, की देवाच्या बरोबरीचे स्थान असूनही त्याने ते धरून ठेवले नाही, स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या प्रसंगी येशू शिष्यांचे पाय धुतो. पाय धुणे हे त्या काळी घरातील सर्वांत कनिष्ठ सेवकाचे काम होते. येथे गुरू शिष्याचे पाय धुतो, शिष्य गुरूचे नव्हे. दोन्ही ठिकाणी हालचाल वरून खाली होते. ज्याच्याकडे अधिकार आहे तो अधिकार बाजूला ठेवतो. ही दिशा प्रस्तुत विवेचनाची किल्ली आहे.

मराठी मनाला ही कल्पना अपरिचित नव्हती. वारकरी परंपरेत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. थोरलेपण मिरवू नये, लहान होऊन राहावे, हा संतांचा उपदेश घरोघर पोचलेला होता. टिळकांसारख्या कवीला ख्रिस्ताकडे जाताना तुकारामांचा आधार वाटला तो याच कारणाने. ‘अभंगांजली’त त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचाच छंद निवडला.

जातिबद्ध समाज आणि लादलेली नम्रता

तथापि याच मराठी समाजात नम्रतेचे दुसरे एक रूप रूढ होते. गावगाड्यातील महाराने वतनदारासमोर ‘जोहार मायबाप’ म्हणून वाकावयाचे, रस्त्याच्या कडेला उभे राहावयाचे, मागून अन्न घ्यावयाचे, ही रीत होती. या वाकण्यात निवड नव्हती. ते त्याच्या जन्माशी आणि वतनाच्या कामांशी जोडलेले होते. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले, यावरून या व्यवस्थेची चिकाटी लक्षात येते.

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८७६ ते १८७८ आणि १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांच्या सुमारास, अहमदनगर व त्याच्या आसपासच्या भागांत जे लोक मिशनकडे वळले, त्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबे बहुसंख्य होती. त्यांच्यापुढे नम्रतेचा उपदेश करताना एक अडचण होती. ज्याला शतकानुशतके वाकावयास लावले, त्याला आणखी वाकावयास सांगण्यात कोणता सद्गुण आहे? ज्याला कधीच पहिली जागा मिळाली नाही, त्याने ती दुसऱ्याला कशी द्यावी?

हा प्रश्न पुढे अभ्यासकांनी स्पष्टपणे मांडला. अमेरिकन धर्मचिंतक व्हॅलेरी सेव्हिंग यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले, की अहंकार हेच मूळ पाप मानणारे धर्मशास्त्र पुरुषांच्या अनुभवावर आधारलेले आहे. स्त्रियांच्या बाबतीत स्वतःचे अस्तित्वच पुसून टाकणे हा अधिक मोठा धोका असतो. भारतात अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूर येथील व्याख्यानातून दलित धर्मचिंतनाची दिशा दाखविली. सेवा करणारा देव हा सेवेला जुंपलेल्यांच्या बाजूचा आहे, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. या दोन्ही विवेचनांतून एक गोष्ट निष्पन्न होते. नम्रतेचा विचार करताना ‘कोण नम्र झाले?’ याबरोबरच ‘नम्र होण्यास कोणी कोणाला सांगितले?’ हेही विचारले पाहिजे. हा प्रश्न हाती घेऊन पुढील तीन उदाहरणांकडे वळता येईल.

पंडिता रमाबाई : आज्ञाधारकपणा आणि नम्रता

रमाबाई (१८५८–१९२२) यांना १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले होते. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील सेंट मेरी मठातील सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता होत्या. या दोघींमधील पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. नम्रतेच्या अभ्यासासाठी तो असाधारण महत्त्वाचा आहे.

या पत्रांतून असे दिसते, की रमाबाईंनी वरिष्ठांची आज्ञा निमूटपणे मानावी, अशी मठाची व चर्चच्या अधिकाऱ्यांची अपेक्षा होती. चेल्टनहॅम येथे असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा भारतातील इंग्रज बिशपांनी त्यास हरकत घेतली. भारतात स्त्रीपुरुषांच्या सभांपुढे निर्भयपणे व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना ही हरकत पटली नाही. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, याबाबतही त्यांनी शंका घेतली. आपल्या लोकांना न समजणाऱ्या भाषेपेक्षा संस्कृत शब्द असावेत, अशी त्यांची सूचना होती. त्या शाकाहारी राहिल्या, तर त्यातही सिस्टर जेराल्डिन यांना जुन्या जात्यभिमानाचा अवशेष दिसला.

सिस्टर जेराल्डिन यांच्या दृष्टीने हा सारा गर्व होता. रमाबाईंच्या दृष्टीने हा सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न होता. एक परतंत्र देशातील, विधवा, आश्रित स्त्री ज्यांच्या घरी राहत होती त्यांनाच नम्रपणे, पण ठामपणे नाही म्हणत होती. येथे नम्रता हा शब्द सत्तेच्या हातातील साधन कसे बनू शकतो, याचे स्पष्ट उदाहरण मिळते. विशेष म्हणजे धर्ममातेचा स्नेह आणि रमाबाईंची कृतज्ञता यांबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. लादलेली नम्रता नेहमी दुष्ट हेतूनेच लादली जाते असे नाही; पुष्कळदा ती प्रेमानेही लादली जाते.

याच रमाबाईंनी पुढे काय केले? १८८९ मध्ये मुंबईस त्यांनी शारदासदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे दीड हजारांहून अधिक स्त्रिया व मुले आश्रयास होती. पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते, अंध स्त्रियांच्या शिक्षणाची सोय होती. ज्या स्त्रीने बिशपांसमोर मान तुकविली नाही, ती दुष्काळातून आणलेल्या, रोगाने पीडलेल्या मुलींची आई झाली.

त्यांच्या बायबलच्या भाषांतरात हीच वृत्ती दिसते. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने मूळ ग्रंथासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, परंतु भाषांतर मात्र अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशा साध्या मराठीत केले. संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी जाणीवपूर्वक टाळले. मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून या ग्रंथाच्या छपाईचे काम झाले. मृत्यूपूर्वी थोडा काळ हे काम पूर्ण झाले आणि रमाबाईंच्या पश्चात १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. पांडित्य ज्याच्याकडे आहे त्यानेच ते बाजूला ठेवावे, याचे याहून समर्पक उदाहरण मराठीत विरळा.

मिरज : कौशल्य दुसऱ्याच्या हाती देणे

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातील आहे. विल्यम जेम्स वॉन्लेस (१८६५–१९३३) हे मूळचे कॅनडातील डॉक्टर. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या वतीने ते १८८९ मध्ये भारतात आले. आरंभी सांगली येथे त्यांनी दवाखाना चालविला. मिरज संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. त्यापाठोपाठ कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान आणि पुढे वॉन्लेसवाडी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निर्माण झाले.

परदेशी शल्यचिकित्सक, शासनाचा पाठिंबा आणि संस्थानिकांशी मैत्री या सर्व गोष्टींमुळे वॉन्लेस यांच्याकडे प्रतिष्ठा चालून आली. १९२८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. किताब स्वीकारणारा मनुष्य नम्र कसा, असा आक्षेप येथे घेता येईल. मात्र आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना किताबाची नसून १८९७ ची आहे. त्या वर्षी वॉन्लेस यांनी रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा सुरू केली आणि भारतीय तरुणांना आपली विद्या शिकविण्यास आरंभ केला.

कुशल वैद्याचे मोठेपण त्याच्या हातात असते. रोगी त्याच हातासाठी दूरवरून येतो. ते कौशल्य दुसऱ्याला शिकविणे म्हणजे स्वतःची अपरिहार्यता कमी करणे होय. ‘दुसऱ्याला पुढे करणे’ या शब्दांचा येथे अगदी प्रत्यक्ष अर्थ आहे. शिकून तयार झालेले वैद्य, परिचारिका व सहायक दक्षिण महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत गेले. मिरज हे वैद्यकीय सेवेचे केंद्र म्हणून नावारूपास आले. १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी या जुन्या रुग्णालयाचा उपयोग झाला. खानापूर, आटपाडी यांसारख्या अवर्षणप्रवण भागांतील रोग्यांना ‘मिरजेला न्या’ असे सांगण्याची जी सवय पडली, तिच्यामागे या परंपरेचा वाटा आहे.

कुष्ठरोग्यांविषयीचे कार्य या संदर्भात वेगळे नोंदविले पाहिजे. शस्त्रक्रियेने बरा झालेला धनिक रोगी डॉक्टरची कीर्ती वाढवितो. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचा इलाज नव्हता. अशा रोग्याच्या सेवेतून यशाची कीर्ती मिळण्याजोगी नव्हती. जखम धुणे, पट्टी बांधणे आणि माणूस म्हणून वागविणे एवढेच हाती होते. पाय धुण्याच्या प्रसंगाचा अर्थ येथे शब्दशः प्रत्यक्षात आलेला दिसतो.

त्याचबरोबर या उदाहरणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. संस्थेची सूत्रे दीर्घकाळ परदेशी मिशनच्या हाती राहिली. संस्थापकाचे नाव रुग्णालयाला मिळाले. पट्टी बांधणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या मराठी स्त्रीपुरुषांची नावे इतिहासाच्या पुस्तकात आली नाहीत. कौशल्य देणे तुलनेने सोपे असते, अधिकार देणे कठीण. नेमका हाच प्रश्न टिळकांनी उपस्थित केला.

सातारा : टिळकांचा ‘देवाचा दरबार’

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कोकणातील करजगावचे. १८९५ च्या १० फेब्रुवारीस मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अहमदनगर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदय’ या १८४२ पासून चालत आलेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. मराठी कवितेत त्यांचे स्थान सर्वमान्य झालेले होते. म्हणजे पगार, पद आणि कीर्ती या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या.

मिशनऱ्यांच्या सेवाभावाविषयी टिळकांना आदर होता. परंतु परदेशी मिशनरी ‘मायबाप’ आणि देशी ख्रिस्ती लेकरे, ही रचना त्यांना सलत असे. मिशनऱ्यांनी पालक न राहता भावंडे व्हावे, या अर्थाची त्यांची भूमिका होती. ‘मायबाप’ हा शब्द येथे लक्षपूर्वक पाहावा. गावगाड्यातील जोहारात तोच शब्द येतो. गाव सोडून मिशनच्या आवारात आलेल्या माणसाला पुन्हा कोणाला तरी मायबाप म्हणावे लागत असेल, तर त्याचे वाकणे संपले असे म्हणता येत नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी व वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. या कल्पनेत दोन त्याग सामावलेले होते. एक आर्थिक सुरक्षिततेचा. दुसरा अधिक सूक्ष्म, म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण हे ठरविण्याच्या अधिकाराचा. धर्मोपदेशकाकडे हा अधिकार असतो. टिळकांनी तो गाजविण्याचे नाकारले.

अर्थात दरबाराला दीर्घायुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे ही संघटना टिकली नाही. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. पद सोडलेल्या या कवीला लोक मात्र ‘रेव्हरंड टिळक’ म्हणूनच ओळखतात, हा इतिहासातील विरोधाभास होय. योगायोगाने १९१९ मध्येच सातारा जिल्ह्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे व जेवावे, हे त्यांच्या वसतिगृहाचे तत्त्व होते. या दोन प्रयत्नांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे प्रयोजन नाही. परंतु पंगतीतील भेद मोडण्याचा प्रश्न त्या काळी सातारा परिसरात निरनिराळ्या मार्गांनी हाताळला जात होता, एवढे निश्चित.

लक्ष्मीबाई : त्यागाची किंमत कोण देतो?

टिळकांच्या त्यागाचा विचार लक्ष्मीबाईंशिवाय (१८६८–१९३६) पूर्ण होत नाही. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने वाचली पाहिजेत. त्यांतून दिसणारे टिळक उदार आहेत, तसेच तापट आणि व्यवहारात बेफिकीरही आहेत. मागेल त्याला ते देत. घरात उद्या चूल कशी पेटावयाची, याची चिंता लक्ष्मीबाईंनी करावयाची. नवऱ्याने परहित साधावे आणि त्याचा भार बायकोने उचलावा, हा प्रकार केवळ टिळकांच्या घरचा नव्हे. समाजकार्याच्या इतिहासात असे अनेक संसार आढळतील.

स्वतःचा त्याग करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. परंतु आपण जे देतो त्यात दुसऱ्याचा घास असेल तर त्या व्यक्तीला विचारावयास नको काय? नम्रतेच्या विवेचनात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. लक्ष्मीबाईंनी तो कटुता न आणता, विनोदाच्या आश्रयाने विचारला. त्यांच्या लेखनाची थोरवी येथे आहे.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा प्रवास याहून मोठा आहे. सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेल्या घरात त्यांचे बालपण गेले. पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे त्यांनी ताटातुटीचे दुःख सोसले. पतीने सांगितले म्हणून त्यांनी धर्म बदलला नाही. जातिभेद माणसाने केला की देवाने, या प्रश्नाचा स्वतः उलगडा झाल्यावर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे प्लेगच्या साथीत त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. अनेक निराधार मुलांना घरात आसरा दिला. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले ते धर्मांतराच्या अटीविना. ज्या बालपणाने शिवाशीव शिकविली होती, त्याच बालपणाच्या धनी असलेल्या या स्त्रीने शिवाशीव टाकली. हा त्यागही वरून खाली येणारा आहे, कारण जातीचे श्रेष्ठत्व त्यांच्याकडे होते आणि ते त्यांनी खाली ठेवले.

टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात साठांहून अधिक अध्यायांची भर घालून ते पूर्णत्वास नेले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या स्त्रीने मान्यवर कवीचे काम पुढे न्यावे, यात पतीविषयीची निष्ठा आहे, तसाच आत्मविश्वासही आहे. नम्रता आणि आत्मविश्वास परस्परविरोधी नाहीत, हे लक्ष्मीबाईंच्या जीवनातून स्पष्ट होते.

तुलनात्मक विवेचन

वरील उदाहरणे एकत्र पाहिल्यास काही समान सूत्रे हाती लागतात. प्रत्येक प्रसंगात नम्रता ही मनाची केवळ भावना नाही, ती एका विशिष्ट वस्तूचा त्याग आहे. रमाबाईंनी पांडित्याची भाषा सोडली, वॉन्लेस यांनी आपल्या हातच्या विद्येची मक्तेदारी सोडली, टिळकांनी वेतन आणि धर्माधिकार सोडला, लक्ष्मीबाईंनी जातीचे श्रेष्ठत्व सोडले. ‘मी कोणी नाही’ असे म्हणणे सोपे असते. ज्या गोष्टीमुळे आपण कोणीतरी आहोत ती गोष्ट दुसऱ्याच्या हाती देणे कठीण असते.

दुसरे सूत्र असे, की या व्यक्तींपैकी कोणीही दुबळे नव्हते. रमाबाई बिशपांशी आणि टिळक मिशनशी मतभेद व्यक्त करू शकले. मतभेद व्यक्त करणे नम्रतेच्या आड आले नाही. उलट ज्याला नाही म्हणण्याची मुभा आहे, त्याच्याच होकाराला अर्थ असतो.

तिसरे सूत्र मर्यादांविषयीचे आहे. तिन्ही उदाहरणांतील नायक व नायिका उच्चवर्णीय अथवा परदेशी आहेत. ज्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांनी गावकुसाबाहेरून येऊन ही मंडळी उभी केली, त्यांच्या वाट्याला आलेली नम्रता निराळी होती. त्यांच्यासाठी ताठ उभे राहणे, नावाने हाक मारली जाणे, प्रभुभोजनाच्या एकाच पेल्यातून सर्वांबरोबर पिणे हाच धर्माचा अर्थ होता. त्यांनी मान वर करणे आणि वरच्यांनी मान खाली करणे या एकाच क्रियेच्या दोन बाजू होत. एक बाजू झाली आणि दुसरी झाली नाही, तर समता येत नाही.

अलीकडच्या काळातील एक उदाहरण येथे नोंदविणे उचित ठरेल. २८ मार्च २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. जुना विधी तोच होता. फरक पडला तो पाय कोणाचे, यात. नम्रतेची परीक्षा आपण किती वाकलो यावर होत नाही. कोणापुढे वाकलो, यावर ती होते.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. ख्रिस्ती परंपरेतील नम्रतेची मूळ दिशा वरून खाली अशी आहे. अधिकार असणाऱ्याने तो स्वेच्छेने बाजूला ठेवणे, हा तिचा गाभा होय.

२. ही दिशा उलटली आणि सत्ताधाऱ्याने दुबळ्याकडून नम्रतेची मागणी केली, की सद्गुणाचे रूपांतर दास्यात होते. वाँटेज येथील पत्रव्यवहार आणि मराठी गावगाड्यातील जोहार ही त्याची दोन भिन्न उदाहरणे आहेत.

३. नम्रता आणि स्वाभिमान यांत विरोध नाही. रमाबाई व लक्ष्मीबाई यांच्या जीवनात दोन्ही गुण एकत्र नांदताना दिसतात.

४. परहितासाठी केलेल्या त्यागाची किंमत घरातील अन्य व्यक्तींना द्यावी लागत असेल, तर त्या व्यक्तींचाही इतिहासात समावेश झाला पाहिजे.

५. संस्थात्मक पातळीवर नम्रतेचा अर्थ विद्या आणि अधिकार या दोन्हींचे हस्तांतरण असा होतो. मिरजेत पहिली गोष्ट लवकर झाली, दुसरीला वेळ लागला.

शेवटचा निष्कर्ष शिक्षणक्षेत्रालाही लागू पडतो. महाविद्यालयात आपण विद्यार्थ्यांकडून विनयाची अपेक्षा करतो आणि ती रास्तही आहे. परंतु विनय शिकविण्याचा खात्रीचा मार्ग रमाबाईंच्या भाषांतराने दाखविला आहे. ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्याने शिकणाऱ्याच्या भाषेपर्यंत खाली यावे. खानापूर तालुक्यातील खेड्यातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलीला आपण वर्गात पहिली जागा देतो की नाही, यावर या विषयावरील आपल्या सर्व लेखनाचे मोल ठरणार आहे.